नवीन फिशटँकचे सायकलिंग: नायट्राइट खाली येत नाही, मासे कधी सोडावेत?

पाणवठा

नमस्कार मंडळी. मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहतो. पाणी महापालिकेचे, म्हणजे खडकवासल्याचे आहे. अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढ्याच उंचीची टाकी लावली असून तिच्यात जेमतेम १०० लिटर पाणी बसते. एक हँग-ऑन (टाकीच्या कडेला टांगायचा) फिल्टर आणि एक स्पंज फिल्टर अखंड चालू असतात, हीटरने तापमान २७ अंशांवर ठेवले आहे आणि पाण्यातील क्लोरीन हायपो (सोडियम थायोसल्फेट) घालून काढलेले आहे. मासे मुळीच सोडलेले नाहीत. माशांना त्रास होऊ नये म्हणून अमोनियम क्लोराइड वापरून सायकलिंग करायचे ठरवले, म्हणजे विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवायचे. दर वेळी सव्वा ग्रॅम, म्हणजे साधारण ४ पीपीएम (दर लिटरला ४ मिलिग्रॅम) अमोनिया होईल एवढी मात्रा घालतो आणि अमोनिया शून्यावर आला की तेवढीच पुन्हा देतो.

सुरुवातीला काहीच घडत नव्हते. मग अमोनिया एका दिवसात शून्यावर येऊ लागला आणि नायट्राइट चढला, तेव्हा फार बरे वाटले. मात्र त्यानंतर नायट्राइटचा रंग टेस्ट किटच्या तक्त्यावरील सर्वांत गडद जांभळ्यावर जो अडकला, तो कित्येक आठवडे तिथेच आहे. आता तर आधी झरझर उतरणारा अमोनियाही रेंगाळू लागला आहे. दुकानदार म्हणतात की पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आहे, मासे सोडून द्या. माझे मन तयार होत नाही. जिवाणू मेले असतील का? सगळे पाणी फेकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, की बाटलीतले जिवाणू आणून घालावेत?

गप्पी_गप्पा

अमोनिया आणि नायट्राइटचे आकडे दिलेत, पण पीएच किती आहे ते कुठेच लिहिलेले नाही. तो आधी मोजा, मग पुढचे बोलू.

कुर्लाकर

माझे मत सरळ आहे. ज्याची टाकी वर्षानुवर्षे चालू आहे आणि जिच्यात मासे निरोगी आहेत, अशा ओळखीच्या माणसाकडून वापरात असलेला एक स्पंज मागून घ्या आणि तो आपल्या फिल्टरमध्ये बसवा. स्पंज मिळत नसेल तर त्याच्याच टाकीच्या पाण्यात पिळून निघालेला तपकिरी गाळ बाटलीत भरून आणा. तो दिसायला घाणेरडा असतो, पण आपल्याला हवे असलेले जिवाणू त्यातच असतात. नुसते जुने पाणी आणून फारसा उपयोग होत नाही, कारण हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते पृष्ठभागांना चिकटून राहतात. वाटेत स्पंज वाळू देऊ नका आणि नळाखाली तर अजिबात धुऊ नका.

कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात रविवारी गेलो की नवख्या मंडळींना मी हेच सांगतो. फक्त बाजारातल्या टाकीतला स्पंज आणू नका. तिथे माल रोज बदलतो आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग स्पंजाबरोबर घरी येतो.

जुना_हौशी

आम्ही हा छंद सुरू केला तेव्हा टेस्ट किट कुणी पाहिलेही नव्हते. पिंपात पाणी दोन दिवस साठवून ठेवायचे, मित्राच्या टाकीतले थोडे पाणी आणि मूठभर रेती घालायची, दोन-तीन गप्पी सोडायचे, चिमूटभर खाद्य द्यायचे आणि महिनाभर त्यात भर घालायची नाही, अशी आमची रीत होती. गप्पी जगत, टाकी बसत असे, म्हणजे तिची सायकल पूर्ण होत असे. आज मंडळी रसायने आणतात, मोजमापे करतात आणि तरीही महिनोन्‌महिने रिकामी टाकी बघत बसतात, याचे मला खरोखर नवल वाटते. थोडे मासे, थोडे खाद्य आणि वरचेवर पाणी बदलणे, एवढ्यावर टाकी बसू शकते हे माझे ठाम मत आहे.

रसायनवेडी

काका, तुमची रीत चुकीची नव्हती. तिच्यातली मूठभर रेती आणि संयम या दोन गोष्टींनी काम केले, आणि पाण्याच्या स्वभावानेही तुम्हाला साथ दिली. अमोनियाचे पाण्यात दोन अवतार असतात. एक मुक्त अमोनिया, जो विषारी असतो, आणि दुसरा अमोनियम, जो त्या मानाने निरुपद्रवी असतो. किट या दोहोंची बेरीज दाखवते. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर त्या बेरजेतला सुमारे अर्धा टक्काच मुक्त अमोनिया असतो, पण पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे तुमच्या मऊ, तळ्याच्या पाण्यात जो गप्पी तगला, तोच बोअरच्या पाण्यात त्याच रीडिंगला तडफडला असता. शिवाय जगला म्हणजे त्याला इजा झाली नाही असे होत नाही, कारण अमोनियाने आधी कल्ल्यांचे नुकसान होते आणि ते आपल्याला बाहेरून दिसत नाही.

आता पाणवठा यांच्या प्रश्नाकडे येते. गप्पी_गप्पा यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. अमोनियाचे नायट्राइट होताना आम्ल तयार होते आणि ते आम्ल पाण्यातले बायकार्बोनेट, म्हणजे ज्याला आपण केएच म्हणतो ते, खाऊन टाकते. हिशेब असा की सुमारे ३ पीपीएम अमोनिया जिवाणूंनी संपवला की केएच एक अंशाने उतरतो. तुमची ४ पीपीएमची प्रत्येक मात्रा जवळपास सव्वा ते दीड अंश केएच घेऊन जाते, आणि खडकवासल्याच्या पाण्यात मुळात तो फार नसतो.

दुसरा हिशेब नायट्राइटचा. १ पीपीएम अमोनियाचे सुमारे २.७ पीपीएम नायट्राइट होते, त्यामुळे तुमच्या एका मात्रेतूनच ११ पीपीएमच्या आसपास नायट्राइट निघते. तुमच्या किटचा तक्ता बहुधा ५ वर संपतो. त्या तक्त्यावर रंग हलत नाही याचा अर्थ टाकीत काही घडत नाही असा काढता येणार नाही, कारण ४० चे ३० झाले तरी तो रंग तोच दिसेल. एक भाग टाकीचे पाणी आणि नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर एकत्र करून मोजा आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणा. त्याचबरोबर टाकीतल्या आणि नळाच्या अशा दोन्ही पाण्यांचे पीएच आणि केएच इथे लिहा.

लातूरकर

ताईंचे म्हणणे उलट्या बाजूने पटते. आमच्याकडे बोअरचे पाणी इतके जड की काचेवर पांढरे थर बसतात. केएच कधी संपत नाही आणि सायकल अडकल्याचे मी तरी पाहिलेले नाही. मात्र पीएच ८ च्या वर असल्यामुळे मासे घालून सायकलिंग करण्याचा विचारही आम्ही करू शकत नाही.

आमची अडचण विजेची आहे. भारनियमनात फिल्टर चार-चार तास बंद पडतो आणि बंद डब्यातल्या मीडियाला, म्हणजे जिवाणू ज्यावर वाढतात त्या साहित्याला, ऑक्सिजन मिळत नाही. या जिवाणूंना ऑक्सिजन भरपूर लागतो, त्यामुळे नुकतीच बसू लागलेली टाकी अशा वेळी मागे जाते. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप आणि स्पंज फिल्टर ही जोडी मला कोणत्याही महागड्या फिल्टरपेक्षा मोलाची वाटते.

पाणवठा

सर्वांचे आभार. आजची मोजमापे देतो. नळाच्या पाण्याचा पीएच ७.४ आहे आणि केएच ३ अंश. टाकीतला पीएच ६ दाखवतो, जो किटच्या तक्त्यावरचा सर्वांत खालचा आकडा आहे, त्यामुळे प्रत्यक्षात तो त्याहूनही कमी असेल. केएचच्या चाचणीत तर पहिला थेंब पडताच पाणी निळे न होता थेट पिवळे झाले. नायट्राइटचे थेंब टाकले तेव्हा ते नळीत खाली उतरता उतरताच गर्द जांभळे होत होते. दहापट पातळ केल्यावर रंग ४ आणि ५ च्या मधला आला, म्हणजे नायट्राइट ४० च्या वर आहे.

रसायनवेडी

मग निदान झाले. तुमचा केएच संपला आहे, त्यामुळे आम्लाला रोखणारे काही उरले नाही आणि पीएच घसरला. पीएच ६ च्या खाली गेला की अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंचे काम मंदावते, म्हणून अमोनिया रेंगाळतो आहे. शिवाय इतक्या आम्लयुक्त पाण्यात नायट्राइटचा काही अंश नायट्रस आम्लाच्या रूपात असतो आणि तो पुढच्या टप्प्याच्या जिवाणूंना रोखतो. जिवाणू मेलेले नाहीत, त्यांचे काम थांबले आहे.

उपाय सोपा आहे. टाकीत मासे नसल्यामुळे ८० ते ९० टक्के पाणी एकदम बदला. नवे पाणी हायपो घालून आणि टाकीच्या तापमानाच्या जवळचे घ्या. खडी खणू नका, स्पंज धुऊ नका. त्यानंतर खाण्याचा सोडा वेगळ्या भांड्यात विरघळवून घाला. १०० लिटरला ३ ग्रॅम सोड्याने केएच साधारण एक अंशाने वाढतो, तेव्हा ६ ग्रॅम पुरे. कायमची सोय म्हणून जाळीच्या पिशवीत स्वच्छ धुतलेले शिंपल्यांचे तुकडे भरून फिल्टरमध्ये ठेवा, ते पाणी आम्लाकडे झुकू लागले की हळूहळू विरघळतात. यापुढची मात्रा निम्मी, म्हणजे ०.६ ग्रॅमच ठेवा. २ पीपीएम अमोनिया रोज पचवणारी टाकी तुमच्या बेताच्या माशांना भरपूर झाली.

गप्पी_गप्पा

सोड्याचा सल्ला वाचून कुणी मासे असलेल्या टाकीत चमचाभर सोडा ओतू नये, म्हणून मुद्दाम लिहिते. आम्लयुक्त पाण्यात अमोनिया साचलेला असतो, तो अमोनियमच्या रूपात असतो म्हणून मासे तग धरून असतात. पीएच झटक्यात वर गेला की तोच साठा विषारी होतो आणि मासे रातोरात मरतात. तिथे आधी थोडे थोडे पाणी बदलून अमोनिया खाली आणावा लागतो.

कल्हई_आणि_कासव

एक शंका आहे. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागरच ना? कल्हईवाला तापलेल्या पातेल्यावर टाकतो तो. तो किराणा दुकानात स्वस्तात मिळतो. तोच वापरला तर काय बिघडेल?

रसायनवेडी

पदार्थ तोच आहे, पण शुद्धतेची खात्री नाही. बाजारातल्या नवसागरात धातूंचे अंश असू शकतात आणि तांब्यासारखा धातू झिंगे आणि गोगलगायींना अगदी कमी प्रमाणातही मारक असतो. प्रयोगशाळेच्या दर्जाची लहान बाटली रसायनांच्या दुकानात मिळते आणि १०० लिटरला ०.६ ग्रॅम या हिशेबाने ती अनेक टाक्यांना पुरते. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

बे_एरियातून

पाणवठा, तुमच्याकडे क्लोरीन असल्यामुळे हायपोने काम भागते. आमच्या सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २००४ पासून नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असते. ते पाणी पिंपात कितीही दिवस ठेवले तरी सहजासहजी उडत नाही, आणि हायपोने त्यातले क्लोरीन निष्प्रभ झाले तरी अमोनिया मागे उरतो. त्यामुळे परदेशातल्या वाचकांनी आधी नळाचे पाणी तपासावे. नाहीतर पाणी बदलल्यावर दिसणारा अमोनिया टाकीचा समजून माणूस विनाकारण हैराण होतो.

बाटलीतल्या जिवाणूंबद्दलही सांगतो. पूर्वी सर्व पुस्तकांत नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर असे लिहिलेले असे. १९९८ साली टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात असे दाखवले. पुढे २०१५ मध्ये अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचे दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि त्यांतला एक तर मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच मिळाला. म्हणून बाटली घ्यायचीच असेल तर तिच्यात नेमके कोणते जिवाणू आहेत आणि ती दुकानात उन्हात पडून नव्हती ना, हे पाहून घ्या.

कुर्लाकर

शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडे मे महिन्यात दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवलेल्या बाटलीपेक्षा मित्राचा ओला स्पंज केव्हाही खात्रीचा.

हिरवे_पान

वनस्पतींचा उल्लेख कुणीच केला नाही, म्हणून लिहितो. टाकीच्या कडेवरून मनीप्लांटच्या फांद्या आत सोडून फक्त मुळे पाण्यात ठेवा आणि पाण्यात हॉर्नवर्टसारखी भराभर वाढणारी वनस्पती दाट लावा. वनस्पती अमोनियम थेट शोषून घेतात. अशा टाकीत अमोनियाचा किंवा नायट्राइटचा चढ कधी कधी दिसतच नाही आणि मोजके मासे लवकर सोडता येतात. मात्र वनस्पती खरोखर वाढत असल्या पाहिजेत. नुकत्याच लावलेल्या, पाने गाळणाऱ्या वनस्पती उलट अमोनियात भरच घालतात. सुपीक मातीचे तयार सबस्ट्रेट (टाकीच्या तळाचा थर) वापरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की ते स्वतःच पहिले काही आठवडे अमोनिया सोडते, तिथे वेगळा नवसागर घालण्याची गरज नसते.

नवखी_नाशिककर

हा धागा वाचून फार घाबरले आहे. दुकानात टाकी घेतली त्याच दिवशी दोन गोल्डफिशही दिले. टाकी ४० लिटरची आहे, पाणी दुधाळ झाले आहे आणि मासे वर येऊन तोंड उघडत आहेत. परत नेऊन देऊ का?

जुना_हौशी

घाबरू नका, पण आज रात्रीच हालचाल करा. क्लोरीन काढलेले, टाकीच्या तापमानाचे पाणी घेऊन आधी ३० ते ४० टक्के पाणी बदला आणि एअर पंप पूर्ण जोरात लावा. दोन-तीन दिवस खाद्य बंद ठेवा, गोल्डफिशला त्याने काही होत नाही. आयोडीन नसलेले खडे मीठ १० लिटरला १ ग्रॅम या हिशेबाने विरघळवून घाला. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती कमी करते. मिठातले क्लोराइड त्याला आत शिरू देत नाही. उद्या किट आणा आणि रोज मोजा. अमोनिया किंवा नायट्राइट ०.५ च्या वर दिसला की पुन्हा पाणी बदला. दुधाळपणा हा पाण्यात तरंगणाऱ्या वेगळ्या जिवाणूंचा असतो, तो आपोआप निवळतो, त्यासाठी औषध घालू नका. दुकानदार मासे परत घेत असतील तर मात्र जरूर द्या. ४० लिटर हे दोन गोल्डफिशसाठी पुढेही अपुरेच पडणार आहे.

आणि रसायनवेडी ताई, तुमचा पीएचचा मुद्दा मला मान्य आहे. आमच्या वाड्याला विहिरीचे पाणी होते तेव्हा गप्पी टिकत नसत आणि आम्ही दोष गप्पींच्या जातीला देत असू. तरीही किट हाताशी असलेल्या आणि रोज पाणी बदलायची तयारी असलेल्या माणसाने दोन-तीन मासे घालून सायकलिंग केले तर मी त्याला पाप म्हणणार नाही.

रसायनवेडी

काका, पाप मीही म्हणणार नाही. पण माशांशिवाय तेच काम होत असताना तो भार एखाद्या जिवावर का टाकावा, हा माझा प्रश्न कायम आहे.

नवखी_नाशिककर

पाणी बदलले, मीठ घातले. मासे आता खाली पोहत आहेत. दुकानदार एक मासा परत घेणार आहेत. काका, मनापासून आभार.

पाणवठा

सर्वांना कळवण्यास आनंद होतो की सायकल पूर्ण झाली. जवळपास सगळे पाणी बदलून ६ ग्रॅम सोडा घातल्यावर पीएच ७.४ वर आला आणि केएच ५ झाला. अमोनिया दुसऱ्याच दिवशी उतरला. नायट्राइट आधी काही दिवस हटून बसला आणि मग एका रात्रीत गडद जांभळ्यावरून स्वच्छ आकाशी निळ्यावर आला. खात्रीसाठी पुन्हा ०.६ ग्रॅमची मात्रा दिली. २४ तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट भरपूर. लागोपाठ तीच चाचणी परत केली आणि निकाल तोच आला.

आता झेब्रा दानियो आणि रोझी बार्ब आणायचे आहेत. नायट्रेट ८० च्या वर आहे, त्याचे काय करावे? आणि मासे पुढच्या आठवड्यात मिळणार असतील तर तोवर जिवाणू उपाशी राहतील का?

रसायनवेडी

मासे आणेपर्यंत एक दिवसाआड १ पीपीएमची, म्हणजे ०.३ ग्रॅमची मात्रा पुरेशी आहे. मासे आणायच्या आदल्या दिवशी काहीही घालू नका आणि ८० टक्के पाणी बदला, म्हणजे नायट्रेट २० च्या खाली येईल. सध्या पावसाळा आहे आणि या दिवसांत नळाच्या पाण्यात क्लोरीनचे प्रमाण वाढवलेले असते, तेव्हा बादली भरताना वास तीव्र आला तर हायपो थोडे जास्त घ्या. नायट्रेटच्या चाचणीतली दुसरी बाटली अर्धा मिनिट जोराने हलवल्याशिवाय वापरू नका, तिचा द्राव तळाशी बसतो आणि आकडा खोटा कमी दिसतो.

जुना_हौशी

आधी सहा दानियो आणा. पंधरवड्याने बार्ब आणा, तेही शक्य तर वेगळ्या डब्यात काही दिवस निरीक्षणाखाली ठेवूनच. सगळे मासे एकदम आणून टाकी भरू नका.

पाणवठा

तसेच करतो. पहिले दोन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजून इथे लिहीन, आणि केएच दर महिन्याला.

गप्पी_गप्पा

केएच पहिले काही महिने दर आठवड्याला मोजा. मासे आल्यावरही आम्ल तयार होतच राहणार आहे आणि शिंपले त्याला पुरे पडतात की नाही, हे त्यावरूनच कळेल.